वेळेआधी उघडलेलं पातेलं

झेफरीनोचा बाप माणसं पुरायचा आणि झेफरीनो पातेली पुरतो. फरक एवढाच की झेफरीनोची वर येतात, तीही शिजून. आमच्या फुर्नास गावात हा विनोद इतका शिळा झालाय की आता झेफरीनोच तो आधी सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्याला संधी मिळत नाही.

सकाळी उजाडता उजाडता हॉटेलांच्या गाड्या तळ्याकाठी येतात आणि पातेली उतरतात. आत गाईचं मांस, डुकराचं मांस, कोंबडी, रक्ताचं सॉसेज, कोबी, बटाटे, रताळी आणि अळकुड्या, थरावर थर. पाण्याचा थेंब नाही. तोंडाला कापडाचा घट्ट दादरा. खड्ड्यात पातेलं सोडायचं, वर फळी टाकायची, फळीवर मातीचा ढीग आणि ढिगात ज्याच्या त्याच्या नावाची पाटी खोचायची. खालचा ज्वालामुखी झोपलेला असला तरी त्याचं अंग अजून गरम आहे. दुपारपर्यंत तो आपलं काम करतो. नियम एकच, आणि तो गावातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल: पुरलेलं पातेलं वेळ झाल्याशिवाय उघडायचं नाही. एकदा वाफ गेली की गेली. पुन्हा पुरलं तरी जमीन ते मनावर घेत नाही.

पूर्वी पातेली निघताना बघायला कुत्रंही यायचं नाही. मग बेटावर मोठ्या बोटी लागायला लागल्या, बोटींमागून बस आल्या, बसमधून फोन उंचावलेली माणसं आली. कुंपणापाशी दोन-दोन रांगा लागायच्या. झेफरीनोने आकड्याने फळी सरकवली, वाफेचा लोट उठला आणि पातेलं वर आलं की टाळ्या पडायच्या. आता पन्नाशी उलटलेल्या, लग्नाच्या दिवशीसुद्धा कुणी धड न बघितलेल्या माणसाला रोज दुपारी टाळ्या मिळाल्या तर काय होतं? त्याने रुंद काठाची काळी टोपी घेतली. मिशीला वळण दिलं. पातेलं काढण्याआधी तो खड्ड्यावर वाकून घोगऱ्या आवाजात काहीतरी पुटपुटायला लागला. पाहुण्यांना वाटायचं, ज्वालामुखीला शांत करायचा जुना मंत्र आहे. खरं तर ती जेवणाआधीची साधी प्रार्थना होती. आमच्याकडची पोरं ती जांभया देत म्हणतात. आम्ही हसायचो, पण कौतुकानेच. झेफरीनो कामाला पक्का होता. त्याच्या हातून पातेलं कधी बिघडलं नव्हतं, आणि तेवढ्यासाठी टोपी माफ होती.

देओलिंदा त्याची मादीन, म्हणजे धर्माची आई. बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच त्याला हातावर धरलं होतं. पुढे त्याची आई लवकर गेली तेव्हा शर्टाच्या गुंड्या लावण्यापासून पहिल्या बुटांपर्यंत सगळं तिनेच पाहिलं. तिला स्वतःचं मूल नव्हतं. तिच्याकडे दुसरं एक होतं, आळीचा डाव. पवित्र आत्म्याच्या सणाला आमच्या आळीत सगळ्यांना मांसाचं सार आणि पाव वाढतात, गरीब-श्रीमंत एकाच लांब टेबलावर. ते रांधायचा मान ज्या बाईचा, तिच्याकडे सार ढवळायचा लाकडी डाव असतो. देओलिंदाकडे तो तिच्या तरुणपणापासून होता. सणाआधी एका रविवारी आळीची मंडळी तिच्या हातचं, तळ्याच्या जमिनीत शिजलेलं पातेलं जेवायची, आणि जेवण संपलं की त्या वर्षीचा यजमान डाव पुन्हा तिच्या हातात द्यायचा. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही, पण त्या परीक्षेत कधी कुणी नापास झालं नव्हतं.

त्या वर्षी मात्र कुजबुज होती. म्हातारीला दिसत नाही, म्हातारी मीठ दोनदा घालते. यजमान होते सिन्योर एर्मिनियो, दूधसंघातून निवृत्त झालेले, शिस्तीचे. त्यांची सून ग्रासिएत डावासाठी टपून बसली होती असं मी म्हणणार नाही, पण तिने मोठी भांडी आधीच घेऊन ठेवली होती. देओलिंदाने हे सगळं ऐकलं होतं. त्या रविवारी पहाटे ती स्वतः पातेलं घेऊन तळ्यावर आली आणि झेफरीनोला म्हणाली, "पोरा, आज चांगली जागा दे. आज माझी अब्रू ह्यात आहे."

"मादीन, तुला कधी वाईट दिली का?"

त्याने खरंच चांगली जागा दिली. एका झुडपामागची, अगदी टोकाची, जिथे उभं राहिलं तर बुटाचा तळ भाजतो. पाटी खोचली. ती घरी गेली.

अकराच्या सुमाराला नेलिया आली. नेलिया शहरातली गाईड, बोलण्यात साखर, चालण्यात घाई. तिच्या मागे चाळीसेक माणसं, गळ्यात बोटीची पट्टी.

"सिन्योर झेफरीनो, एक काढा ना."

"वेळ झाली नाही."

"ह्यांची बोट दुपारी सुटतेय. तुमची वेळ होईल तेव्हा ही माणसं समुद्रात असतील."

"मग समुद्र बघू दे त्यांना. तोही चांगला आहे."

"असं काय करता? टोपीवाला दाखवते म्हणून आणलंय मी त्यांना. ती आजी बघा, मागच्या वर्षी तिच्या बहिणीने तुमचा फोटो काढलेला, तो फ्रेम करून भिंतीवर लावलाय म्हणे."

आजीने फोनवर फोटो दाखवला. कुठल्यातरी परक्या देशातल्या भिंतीवर, घड्याळाशेजारी, टोपी घातलेला झेफरीनो होता.

"कच्चं असेल अजून," तो म्हणाला. पण आवाजातला नकार गेला होता, आणि नेलियाला असले आवाज ओळखता यायचे.

"असू दे की. कोण खाणारेय? फोटो काढतील, झाकण लावा, परत पुरून टाका. कुणाच्या बापाला कळणार नाही."

हॉटेलांची पातेली दोघांनी ओढावी लागतात. झेफरीनोचा कामातला जोडीदार खाली गाड्या लावून घेत होता, आणि हॉटेलांचे ड्रायव्हर समोर बाकावर सिगारेट ओढत बसले होते. त्यांच्या पातेल्याला हात लावला असता तर त्यांनी तिथेच आई-माई काढली असती. एकट्याला उचलण्याजोगं आणि कुणाचं लक्ष नसलेलं एकच पातेलं होतं. झेफरीनोच्या मनात आलं की नाही हे? आलं. आणि लगेच हेही आलं की मादीनचं आहे म्हणजे घरचंच आहे. माणूस चुलीवरचं स्वतःचं दूध मांजरासमोर ठेवतो ते असंच काहीतरी मनाशी म्हणून.

त्याने माती सारली, प्रार्थना पुटपुटली, पातेलं वर घेतलं. टाळ्या पडल्या. कुणीतरी म्हणालं, आतलं दाखवा. त्याने दादरा सोडला, झाकण काढलं. वाफ त्याच्या तोंडावर आली आणि मागोमाग तळ्यावरचा गार वारा थेट पातेल्यात उतरला. ती फोटोवाली आजी वाकून वास घेत राहिली. एकाला व्हिडिओ पुन्हा घ्यायचा होता, त्यासाठी झाकण लावून पुन्हा उघडावं लागलं. दोन मिनिटांचं काम बरंच लांबलं. सगळे बसकडे गेले तेव्हा पातेल्याच्या कडेला हात टेकवता येत होता. झेफरीनोने हात टेकवला, चटका बसला नाही.

त्याने घाईने दादरा बांधला, पातेलं पुरलं, माती दुप्पट लोटली. आणखी दीड-दोन तास जास्त ठेवलं तर निभावेल, असा त्याचा हिशेब. पण दुपारी ठरल्या वेळेला सिन्योर एर्मिनियो स्वतः गाडी घेऊन हजर.

"काढ रे. मंडळी बसलीयेत."

एवढंच म्हणायचं होतं, सिन्योर, आज जरा उशीर लागेल. पण का, असं त्यांनी विचारलं असतं. एर्मिनियो का विचारल्याशिवाय पाणीही पीत नाहीत. झेफरीनोने पातेलं काढून गाडीत ठेवलं.

आणि त्याला पंगतीला जावं लागलं. मादीनचा लेक म्हणून त्याची खुर्ची यजमानाच्या शेजारी असायची. देओलिंदाने काळा ठेवणीतला पोशाख घातला होता, केस ओले करून बसवले होते. पातेलं टेबलावर आलं. दादरा सोडायला तिने हात घातला, आणि तिचे हात क्षणभर थांबले. मग तिने गाठ सोडली.

वरचं कोबी-सॉसेज बरं होतं. मांस दोरीसारखं. आणि अळकुड्या अर्ध्याकच्च्या. कच्ची अळकुडी काय करते हे सांगायला नको. पहिला खोकला ग्रासिएतच्या नवऱ्याला आला. मग त्याच्या शेजारणीला. मग सगळं टेबल घसा खाकरायला लागलं, पाण्याचे तांबे फिरायला लागले. पाद्रीबाबांचे डोळे पाणावले. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण त्या दिवशी खवखवलं सगळ्यांना आणि खाल्लं होतं एकानेच. झेफरीनोने ताटातली प्रत्येक अळकुडी संपवली. घशात काटे टोचत होते आणि त्याला वाटत होतं, अजून टोचू देत.

"होतं असं," ग्रासिएत गोड आवाजात म्हणाली. "वय झालं की हाताला अंदाज राहत नाही. आमच्या आजीचंही असंच झालेलं."

"आज जमिनीने साथ दिली नाही," देओलिंदा म्हणाली. एवढंच.

एर्मिनियो झेफरीनोकडे वळले. ते खवचट नव्हते, नीट विचारणारे होते. "काय रे, जमीन गार होती का आज? हॉटेलांची पातेली कशी निघाली?"

सगळं टेबल त्याच्याकडे बघायला लागलं. देओलिंदासुद्धा. जमीन गार होती म्हणावं, तर दोष त्याच्या जागा निवडण्यावर येणार. खरं सांगावं, तर मग विचारायलाच नको. आपलं तोंड काय बोलतंय हे त्याने ऐकलं.

"नाही सिन्योर. जमीन रोजच्यासारखीच होती."

भाताची खीर आली, वर दालचिनीची नक्षी. ती खाऊन झाल्यावर एर्मिनियोंनी डाव उचलला, दोन शब्द बोलले, देओलिंदाताईंनी इतकी वर्षं आळीला जेवू घातलं, आता त्यांना विश्रांती हवी, आणि डाव ग्रासिएतच्या हातात दिला. टाळ्या झाल्या. देओलिंदानेही वाजवल्या.

त्यानंतर झेफरीनोची झोप उडाली असं लिहिलं तर खोटं होईल. तो झोपायचा. लाज त्याला उजेडात गाठायची. दुपारी कुंपणापाशी लोक जमले की तो टोपी डोळ्यांवर ओढायचा आणि पातेली अशी काढायचा जशी चोरून काढतोय. प्रार्थना त्याने सोडून दिली. नेलिया एकदा म्हणाली, "आजारी आहात का?" तो म्हणाला, "तू तिकडे उभी राहा." गावात देओलिंदा दिसली की तो बेकरीत शिरायचा, इतका पाव त्याच्या घरी कुणी खात नव्हतं. आणि देओलिंदा आता बाजारात कमी दिसायची. दिसली की बायका तिला विचारायच्या, बरं आहे ना आता? आजाऱ्याला विचारतात तसं. तिच्या हातची चव ज्यांनी आयुष्यभर चाखली, त्याच बायका तिला तिच्या हातून केक बिघडेल म्हणून साखर मोजून द्यायला लागल्या. हे सगळं झेफरीनो बेकरीच्या काचेतून बघायचा.

शेवटी तो तिच्या घरी गेला. ती तव्यावर गोड पाव भाजत होती.

"मादीन, पातेलं मी उघडलं होतं."

तिने पाव उलटला. "माहितेय."

त्याला बसायला सुचेना. "कसं?"

"माझी गाठ मला कळत नाही होय? चाळीस वर्षं एकच गाठ मारतेय, माझ्या आईची. टेबलावर आली ती तुझ्या हातची होती, बैल बांधावा तशी."

"मग बोलली का नाहीस?"

"भरल्या पंगतीत? धर्माच्या लेकराचं तोंड मी काळं करू?" ती पहिल्यांदा त्याच्याकडे वळली. "मला वाटलं, तू बोलशील. एर्मिनियोने विचारलं तेव्हा वाटलं, आता बोलेल. मग म्हटलं, खीर येईपर्यंत तरी बोलेल. तुला लहानपणी खोटं बोलल्यावर जेवण जायचं नाही, म्हणून मी तुझ्या ताटाकडे बघत होते. तू सगळं संपवलंस."

झेफरीनो खाली बघत रडला, मोठ्या माणसाला न शोभेल असं, नाक ओढत. तिने त्याला थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. पाव मात्र दिला.

"मला सांगून काय उपयोग," ती म्हणाली. "ज्यांनी खाल्लं त्यांना सांग."

पुढच्या रविवारी प्रार्थनेनंतर आळीची मंडळी सणाच्या तयारीला चर्चशेजारच्या खोलीत जमली. झेफरीनो उभा राहिला. टोपी त्याने घरीच ठेवली होती. तो म्हणाला, मादीनचं पातेलं बिघडलं नव्हतं, मी बिघडवलं. बोटीच्या लोकांना दाखवायला मध्येच उघडलं. जमिनीबद्दल मी अर्धंच सांगितलं आणि उरलेलं गिळलं. डाव तिचा आहे.

मग मागून कुणीतरी हसलं, आणि ते हसणं वाईट नव्हतं, तेच वाईट होतं.

"तू?" एर्मिनियो म्हणाले. "तू पातेलं मध्येच उघडशील? अरे, तुझा बाप कबर फोडून येईल."

"खरंच उघडलं, सिन्योर. शहरातली गाईड आहे, नेलिया, तिला विचारा."

"बघा, साक्षीदारही तयार करून आणलाय," ग्रासिएतचा नवरा म्हणाला, आणि सगळे पुन्हा हसले, माया आल्यासारखे.

"मी शपथेवर सांगतो."

"शपथ नको घेऊ, पाप लागेल उगीच," ग्रासिएत म्हणाली. तिचे डोळे खरोखर ओले होते. "देओलिंदाताई, नशीब काढलंत हो. पोटचा मुलगा एवढं करत नाही."

एर्मिनियोंनी देओलिंदाकडे बघितलं. "तुम्ही सांगा. हा म्हणतो ते खरं आहे?"

ती दाराजवळ बसली होती, हातात जपमाळ. झेफरीनो तिच्याकडे असा बघत होता जसा पोर शाळेच्या फाटकातून आईकडे बघतं.

"मी हो म्हटलं तर तुम्ही म्हणाल म्हातारीने पढवून आणलं," ती म्हणाली. "नाही म्हणायला मला जीभ नाही. तुमचं चालू द्या."

एर्मिनियो उठले, झेफरीनोच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. ते म्हणाले, चूक लपवणारे पुष्कळ बघितले, दुसऱ्याची चूक आपल्या अंगावर ओढून घेणारा आज बघितला. म्हणाले, ह्या वर्षी मिरवणुकीत पवित्र आत्म्याचा झेंडा झेफरीनो धरेल. मंडळींनी टाळ्या वाजवल्या. तो नको नको म्हणत राहिला, आणि जितकं नको म्हणाला तितका तो त्यांना अधिक चांगला वाटत गेला.

बाहेर आल्यावर तो तिच्यामागे धावला. "मादीन, मी सांगितलं. सगळं सांगितलं."

"ऐकलं मी." ती चढ चढत होती, तिला दम लागला होता. "त्या दिवशी टेबलावर सांगितलं असतंस, तर तुला शिव्या घालून मोकळे झाले असते. आता खरं सांगायची सोय दोघांनाही राहिली नाही, ना तुला, ना मला."

सणाचा दिवस निरभ्र उजाडला. तळ्यावरून वारा होता. ग्रासिएतचं सार चांगलं झालं, वाईट म्हणायला काही जागा नव्हती. मिरवणूक आळीतून निघाली, पुढे लाल झेंडा, त्यावर पांढरं कबूतर, आणि झेंडा झेफरीनोच्या हातात. आमच्याकडे झेंडा दारावर आला की घरातले बाहेर येऊन त्याच्या फितीचं चुंबन घेतात. दारोदार लोक वाकत होते, आणि वाकून उठताना झेफरीनोकडे बघून मान हलवत होते, देवमाणूस म्हणून. एक-दोघांनी आपली पोरं त्याच्यासमोर उभी केली. त्याच्या मानेवरून घाम उतरत होता आणि दोन्ही हात काठीला गुंतल्यामुळे पुसताही येत नव्हता.

देओलिंदाच्या दारात झेंडा थांबला. ती काळ्या पोशाखात उभी होती, हात रिकामे. इतक्या वर्षांत ह्या घटकेला ती कधी दारात नव्हती, मुदपाकखान्यात असायची. झेफरीनोला वाटलं, ती आत वळेल. तिने वळावं असंच त्याला वाटलं. ती पायरी उतरून खाली आली, वाकली, लाल फीत दोन्ही हातांत घेऊन तिला ओठ लावले. मग त्याच्याकडे न बघता, फीत सरळ करत, हळूच म्हणाली, "नीट धर. वारा आहे."